रंग आधी माझ्यावर

मी एक जुनी गाडी आहे. रस्त्यावरची नव्हे, टेबलावरची. माझी लांबी तुमच्या तळहातापेक्षा थोडीशीच जास्त भरेल. मित्रांनो, सुरुवातीलाच एक सांगून टाकते, मी स्वभावाने मत्सरी आहे. समोरच्या काचेच्या कपाटातल्या गाड्या पाहिल्या की माझा जळफळाट होतो. का होतो, ते ऐकलंत तर तुम्हीसुद्धा माझीच बाजू घ्याल.

एका कारखान्यात वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात गेलं आणि मी जन्मले. पण अखंड नाही. माझी दारं, बंपर, आरसे, चाकं सगळी एका चौकटीला लटकलेली होती आणि ती चौकट खोक्यात होती. खोक्यावरचं माझं चित्र मात्र इतकं देखणं होतं की माझी मलाच भुरळ पडावी. दुकानाच्या फळीवर मी कुणाची तरी वाट पाहत बसले होते आणि एके दिवशी मालक आले.

मालकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे माप पाठवतात आणि मालक त्या मापाचे, शेजारच्या दाताशी जुळणाऱ्या रंगाचे दात करून देतात. पांढऱ्यात किती प्रकारचे पांढरे असतात, ते त्यांनाच विचारावं. असा माणूस आपल्याला जोडणार म्हणजे आपलं सोनं होणार, असं मला वाटलं.

पण मी पडले त्यांची पहिलीच गाडी. पुढची काच बसवताना गोंद जास्त झाला. तो पुसायला म्हणून मालकांनी अंगठा फिरवला आणि सगळी काच कायमची धुरकट झाली. मालकीणबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हिला तर मोतीबिंदू झालाय."

मालक हसले आणि त्यांनी माझ्या आयुष्याचं वाटोळं करणारं वाक्य उच्चारलं. "असू दे. रंग आधी हिच्यावर करून बघत जाईन."

तेव्हापासून माझं काम ठरलं. मालक सुट्या भागांचं नवं किट आणतात, त्याची गाडी जोडतात आणि तिच्यासाठी रंग तयार करतात. तो रंग आधी माझ्या अंगावर बसतो. ओघळतो का, भेगा पडतात का, वाळल्यावर काळवंडतो का, हे सगळं माझ्यावर बघून झालं की मग त्या नवीला सजवायचं. आणि मला? मला बरणीत बुडवायचं. बरणीत असतं ब्रेक ऑइल. खऱ्या मोटारीवर ते सांडलं तर रंग फुगून सुटतो, तसाच माझाही सुटतो. मग हातमोजे घालून मालक मला बाहेर काढतात आणि मालकीणबाईंच्या जुन्या टूथब्रशने घासतात. आदल्या दिवशीची माझी सगळी शोभा साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत जाते.

कपाटात एक लाल गाडी आहे. पाहुणे आले की आधी तिच्यापुढे उभे राहतात. "काय सुरेख लाल आहे हो," असं म्हणतात. तो लाल रंग आधी मी ल्यायले होते. जाड हात दिला की तो बोनेटवर ओघळतो, हे मालकांना माझ्यामुळे कळलं. पिवळीचं तेच, करड्या जीपचं तेच. त्या सगळ्या माझे उतरवलेले कपडे घालून मिरवतात आणि मी उघड्या अंगाने टेबलाच्या कोपऱ्यात बसते. सांगा, मी त्यांना पाण्यात पाहणार नाही तर काय करणार?

तरी या सगळ्या बऱ्या म्हणाव्या, अशी एक सवत पुढे आली. मालकांचे थोरले भाऊ आयुष्यभर टॅक्सी चालवत होते. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दादा निवृत्त झाले आणि त्यांची टॅक्सी भंगारात गेली. तिला ते 'बाईसाहेब' म्हणत. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत ते एकटेच राहू लागले. मालकीणबाई फोनवर त्यांना बोलवायच्या आणि दादांचं उत्तर ठरलेलं असायचं. "उगीच तुम्हाला त्रास कशाला?"

मग मालकांनी ठरवलं, दादाला हुबेहूब बाईसाहेब करून द्यायच्या. त्याच जातीच्या गाडीचं नवंकोरं किट आलं. अडचण एकच होती. बाईसाहेबांचा रंग निळाही नव्हता आणि हिरवाही नव्हता. फोटो होते ते सगळे जुने, विटलेले. तो रंग फक्त दादांच्या डोळ्यांत उरला होता. तेव्हा दादांनी रविवारी यायचं आणि रंग बघून सांगायचं असं ठरलं. कामाचं बोलावणं म्हटल्यावर दादा लगेच आले. येताना माझ्या बरणीसाठी ब्रेक ऑइलचा डबाही घेऊन आले.

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा. एक सवत भंगारात गेली तरी दोन्ही भावांच्या तोंडी तिचंच नाव. दुसरी अजून खोक्यातून बाहेरसुद्धा आली नव्हती आणि तिच्यासाठी माझं अंग रंगवलं जात होतं.

पहिल्या रविवारी दादांनी मला खिडकीशी नेलं, चष्मा वर केला, उतरवला आणि म्हणाले, "जवळ आलायस, छोट्या. पण हा नव्हे. निळा जरा कमी पडतोय."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पुढच्या रविवारी पुन्हा नवा रंग आणि दादांचं पुन्हा तेच, "नाही रे, हा नव्हे." रंग चुकावा म्हणून मी मनापासून प्रार्थना करत असे आणि दर वेळी ती फळत असे. नकार देऊन झाला की दादा खुर्ची ओढून बसायचे. मग चहा, मग गप्पा, मग मालकीणबाई विचारायच्या, "भाऊजी, आता जेवूनच जा ना." दादा घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "एवढा उशीर झालाच आहे तर..."

असे कितीतरी रविवार गेले. एकदा मालकांनी नवा रंग बनवलाच नाही. पहिल्या रविवारचा रंग त्यांनी एका बाटलीत जपून ठेवला होता, तोच पुन्हा माझ्यावर मारला. अंगावर बसताच मी तो ओळखला. दादांनी मला खिडकीशी नेलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "छे! यात निळा फार झाला."

मालक शांतपणे म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी बघू."

दादा गेल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, "तो पहिलाच रंग होता ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? रंग सापडला म्हटलं तर तो पुढच्या रविवारी कशाला येईल?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दादांना रंग केव्हाच पटला होता. त्यांना यायचं होतं आणि यांना ते यायला हवे होते. दोघांनाही ते तोंडाने बोलता येत नव्हतं. त्यांच्या या न बोलण्यापायी दर आठवड्याला सोलून निघत होते मी! माझ्याकडे कोण बघतंय? त्या दिवशी मला दादांचासुद्धा हेवा वाटला. त्यांची वाट पाहायला दोन माणसं तरी होती.

पण सारखं बरणीत बुडून माझं प्लॅस्टिक ठिसूळ झालं होतं. एका शनिवारी टूथब्रश जरा जोरात फिरला आणि काचेशेजारचा माझा खांब कट्कन मोडला. छप्पर एका बाजूला कलंडलं. मालक बराच वेळ मला हातात धरून बसले. मग त्यांनी उसासा टाकला, खोकं खाली काढलं आणि त्या नवीचे भाग टेबलावर मांडले.

रविवारी दादा आले. उघडं खोकं बघून दारातच थांबले. "म्हणजे आता खरीच रंगवणार?"

"जुनी मोडली, दादा. आता रंग बघायला काही उरलं नाही. तूच सांग कुठला मारू."

दादांनी हातातला डबा खाली ठेवला. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "पहिला होता बघ, तो मार. तोच होता तिचा रंग." मग म्हणाले, "चला, झालं तुझं काम. निघतो मी."

मालक मान खाली घालून चिमटा पुसत राहिले. थांब म्हणायला काय जात होतं त्यांचं? पण सख्खे भाऊच ते, एकासारखा दुसरा. तेवढ्यात मालकीणबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी ती रंगाची बाटली उचलली.

"भाऊजी, रंग सापडला म्हणून तुमचं येणं बंद होणार असेल, तर ही बाटली मी आत्ता मोरीत ओतते."

दादांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा धाकट्या भावाकडे. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मला उचललं. इतके रविवार त्यांनी माझा रंग पाहिला होता, मला आज पाहत होते.

"हिचं काय मोडलंय?"

"खांब," मालक म्हणाले. "गोंद लावून देतो. पण दाबून धरायला लागेल."

"किती वेळ?"

"बराच."

"मग धरतो की. मला कुठं जायचंय?"

टॅक्सीचं स्टिअरिंग धरून खरखरीत झालेल्या त्या बोटांनी दादांनी मला दुपार कलेपर्यंत धरून ठेवलं. चहा आला तो त्यांनी डाव्या हाताने घेतला. नवीचे भाग टेबलावर तसेच पडून होते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला काय वाटलं ते आता निराळं सांगायला नको.

यथावकाश तीही रंगली. दादांच्या घरी टीव्हीवर बसते, देखणी दिसते म्हणतात. दिसू दे. दादा आता दर रविवारी रिकाम्या हाताने येतात आणि दिवसभर इथे माझ्या टेबलाशी बसतात. तेवढा वेळ ती तिकडे बंद खोलीत एकटीच असते, हे आठवलं की मला छान झोप लागते. मी आधीच सांगितलं होतं ना, माझा स्वभाव तसाच आहे.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगतेच. ठिसूळ झालेल्या अंगावर ब्रश हलक्या हाताने फिरवा. पण त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. कुणाला भेटावंसं वाटलं तर सरळ जा, दार वाजवा आणि सांगा, "तुला भेटायला आलोय." ते सांगायची लाज वाटते म्हणून आमची कातडी सोलू नका.