भोपळ्याच्या फुलांची भजी

विनायक रिटायर झाला तेव्हा ऑफिसने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. छत्तीस वर्षं घड्याळ बघून धावलेल्या माणसाला आता पुन्हा घड्याळच का द्यावं, हे मला अजून कळलेलं नाही. ते टांगून झाल्यावर दुसऱ्या दिवशी हा माझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि डब्यांना लेबलं लावायला लागला. साखरेच्या डब्यावर 'साखर'. जणू इतकी वर्षं मी चहात मीठ घालत होते. तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "गच्चीवर जा आणि काहीतरी लाव. माझे डबे सोडून काहीही."

त्याने लाल भोपळा लावला. सोपा असतो, नवशिक्यांनी भोपळ्यापासूनच सुरुवात करावी, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं. मग निळं पिंप मधोमध कापून झालं, माती, शेणखत आणि कोकोपीट लिफ्टमधून वर गेलं, लिफ्ट दोन दिवस गोठ्यासारखी वास मारत राहिली. चार बिया पेरल्या. दोन रुजल्या, त्यातली एक कबुतरांनी खाल्ली. उरलेली एक मात्र अशी फोफावली की महिन्याभरात तिने गच्चीचा कठडा, टाकीचा पाइप आणि हौसाबाईंची सुकट वाळवायची जागा, तिन्हींवर हक्क सांगितला.

हौसाबाई पहिल्या मजल्यावर राहतात. आमची करंजाड्याची ही सात मजली इमारत उभी आहे ती त्यांच्याच शेतावर. बदल्यात त्यांना पाच फ्लॅट मिळाले आणि त्यांचा मुलगा निकेश सोसायटीचा सेक्रेटरी झाला. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात विनायकने त्यांच्या सुकटीच्या वासाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर चौदा ओळींचा मेसेज टाकला होता. शुद्ध मराठीत, मुद्द्यांना आकडे घालून. हौसाबाईंनी तो वाचला नाही, पण निकेशने वाचला आणि लक्षात ठेवला. त्यामुळे वेल सुकटीपर्यंत पोचल्यावर कुंड्यांमुळे स्लॅब गळतो, असा शोध निकेशला लागला यात नवल नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगते.

एकदा लिफ्टमध्ये हौसाबाईंनी माझ्या हातात भोपळ्याच्या फुलांची जुडी ठेवली. नदीकडे त्यांचा जमिनीचा एक लहानसा तुकडा उरलाय, तिथली. "तांदलाच्या पिठात बुडव, मीठ-मसाला घाल आनि तल," म्हणाल्या. मी तळली. विनायकने अकरा खाल्ली आणि म्हणाला, "रमा, वा!" आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या स्वयंपाकाला मिळालेला 'वा' मी बोटांवर मोजू शकते, तेही एका हाताच्या. त्यामुळे गच्चीवरच्या आमच्या वेलाला फुलं आली तेव्हा मला मोह आवरला नाही.

वेलाला कोणीही हात लावायचा नाही, असं विनायकने बजावलं होतं. पण अंघोळ, पूजा, चहा उरकून तो वर जायचा साडेआठला. मी फिरायच्या निमित्ताने साडेसहालाच जायचे. मी काही मूर्ख नाही. ज्या फुलांच्या बुडाशी लहानशी हिरवी गोळी होती, ती मी सोडून द्यायचे, कारण ते पुढचे भोपळे. जी नुसत्या लांब देठावर आली होती, ती खुडायचे. नुसती मिरवायला आलेली फुलं, ती वेलाचं पाणी फुकट पितात, असा माझा स्वच्छ हिशेब होता. विनायकने विचारलं की "हौसाबाईंनी दिली" म्हणून मोकळी व्हायचे.

सोसायटीच्या मीटिंगलाही मी ताटभर भजी नेली, कमिटीचं मन वितळावं म्हणून. निकेशने एकट्याने सहा खाल्ली, तेलकट बोटं पुसली आणि ठराव मांडला. "काका, तीन आठवडे घ्या. वेलावर एक तरी फळ धरलेलं दाखवा. नाय तर तिसऱ्या रविवारी सगल्या कुंड्या खाली." ठराव पास झाला. माझं ताटही रिकामं झालं.

त्यानंतर फळं गळायला लागली. गोळी दिसायची, वरचं फूल उमलायचं, विनायक आनंदाने त्यात ब्रश फिरवायचा, कारण सातव्या मजल्यावर मधमाश्या येत नाहीत, परागीकरण हाताने करावं लागतं. चौथ्या दिवशी गोळी पिवळी पडायची आणि पाचव्या दिवशी गळायची. एक गेली, तीन गेल्या, सात गेल्या. याला नर फूल सापडायचंच नाही, म्हणून हा या मादी फुलातून त्या मादी फुलात ब्रश फिरवायचा. त्या ब्रशवर पराग सोडून सगळं होतं. वहीत मात्र रोज नोंद: 'नर फूल आजही नाही. बियाण्यात दोष? की माझी पद्धत चुकते?'

नववी गळाली त्या दिवशी त्याने वही बंद करून घड्याळाखाली ठेवली आणि सोफ्यावर बसून राहिला. "रिटायर झाल्यावर एक गोष्ट करायला घेतली, तीही जमत नाही," म्हणाला. डब्यांना लेबलं लावत होता तेव्हा मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी वाटलं, लावू दे हवी तेवढी लेबलं. मी काय केलं? त्याला बरं वाटावं म्हणून भजी तळली.

रविवार चार दिवसांवर आला. त्या बुधवारी सकाळी मी फुलं खुडत असताना मागून आवाज आला, "काय करतेस गो बाय?" हौसाबाई सुकटीने भरलेलं सूप घेऊन उभ्या होत्या. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी ओंजळीत पाहिलं, वेलावर पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि मटकन टाकीच्या ओट्यावर बसल्या.

"समदे नर खुडलेस?"

"गोळीवाली ठेवलीत ना," मी म्हणाले.

"अगो, नवऱ्यांना तलून खाल्लंस आनि पोरांची वाट बघतेस?" त्या हसायला लागल्या त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "आमी पन खातो. पन दोन-चार वेलावर ठेवतो ना! घरातला येक पन बाप्या शिल्लक नाय ठेवला, तर बायांनी काय करायचं?"

नऊ भोपळे मी मारले होते, आणि त्यांचं सुतक तो बिचारा वहीत पाळत होता. उद्या उमलेल अशी एकच गोळीवाली कळी शिल्लक होती. हातातली फुलं दुपारपर्यंत कोमेजणार, आणि नर कळ्या होत्या त्या अजून तीळभर. मी हौसाबाईंना म्हटलं, "तुमचा मुलगा रविवारी कुंड्या काढणार. काहीतरी करा."

"नवरा मी आनते," त्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी सात वाजता त्या आल्या. हातात स्टीलचा डबा, त्यात ओल्या फडक्यावर नदीकडच्या तुकड्यावरची तीन नर फुलं. "येक पसंत नाय पडला तर," म्हणून तीन. हौसाबाई धवलारीण आहेत. त्यांच्या समाजात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावते ती बाई धवलारीण. पंचक्रोशीतली शेकडो लग्नं त्यांनी लावली आहेत. त्यांनी फुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या, मधला पिवळा दांडा मादी फुलात गोल फिरवला आणि फिरवताना हळू आवाजात चक्क धवला धरला. भटजी नाही, अक्षता नाहीत, वऱ्हाडात एक मी आणि दोन कबुतरं. एवढ्या कमी माणसांत एवढं व्यवस्थित लागलेलं लग्न मी पाहिलेलं नाही.

"नवऱ्याला सांगून टाक," जाताना त्या म्हणाल्या.

मी सांगितलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. फळ धरलं तर सांगू, असं मी स्वतःला समजावत होते. खरं कारण साधं होतं, माझी हिंमत होत नव्हती.

रविवारी दहा वाजता निकेश दोन माणसं घेऊन गच्चीवर आला. हौसाबाईही आल्या, सुकट उलटवायच्या निमित्ताने. गोळी हिरवीगार होती, लिंबाहून मोठी. निकेशने वाकून पाहिली. "काका, हे धरलंय का?"

आता हो म्हणावं की नाही? पण हा माणूस म्हणजे चौदा ओळींत मुद्द्यांना आकडे घालणारा. त्याने चष्मा काढला. "खोटं कशाला सांगू. आज तिसरा दिवस आहे. अशा नऊ गळाल्या, ही पण गळेल. मला जमत नाहीये. कुंड्या घेऊन जा तुम्ही."

आणि स्वतःच कठड्याच्या दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ सुटत नव्हती. मला ते बघवलं नाही.

"गाठ सोड ती," मी ओरडले. "म्हणजे सोडू नकोस. तुला न जमायला काय झालंय? नर फुलं रोज येत होती. मी खुडत होते. भजी त्यांचीच होती."

मग मी निकेशकडे वळले, कारण एकटीने गुन्हेगार होणं मला आवडत नाही. "आणि तू काय बघतोस? मीटिंगमध्ये सहा तूच खाल्लीस. वेलाचे नवरे खायचे आणि वर फळ दाखवा म्हणायचं?"

निकेशने आईकडे पाहिलं. हौसाबाई सुकट उलटवत म्हणाल्या, "लगीन मी लावलंय. माझं लावलेलं लगीन अजून मोडलेलं नाय. आनखी पंधरा दिस थांब, बग फल."

निकेश सोसायटीचा सेक्रेटरी असला तरी घरी आईच्याच हातचं जेवतो. तो माणसांना घेऊन मुकाट्याने खाली गेला.

विनायक दोरी हातात धरून तसाच उभा होता. मला वाटलं, आता तेहतीस वर्षांचं सगळं निघणार. तो म्हणाला, "म्हणजे माझी पद्धत बरोबर होती?"

"होती."

"ब्रश?"

"ब्रशही."

"म्हणजे माझं काहीच चुकत नव्हतं," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याला चष्मा काढावा लागला नाही, तो आधीच काढलेला होता.

नंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तो त्याचा हक्कच होता, मी वरणभातावर भागवलं. गोळी पेरूएवढी झाली, हिरवीच राहिली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर वाटीत सहा नर फुलं, देठ सारखे कापलेले, आणि वाटीला लेबल: 'रमा – भजीसाठी. वेलावर तीन ठेवली आहेत, त्यांना हात लावू नये.'