पाहुण्यांना किरणं लागत नाहीत

अम्मानच्या वैद्यकीय यंत्रांच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी अबू मुहन्नदच्या दालनात होती. हातात धरायचं एक्स-रे यंत्र विकायचं म्हणून या गृहस्थाने कुनाफ्याच्या, म्हणजे चीजच्या मिठाईच्या, परातीत अंगठी लपवली होती. कळ दाबायची, पडद्यावर अंगठी दाखवायची, टाळ्या घ्यायच्या आणि कुनाफा वाटायचा. डोकं असावं तर असं!

रुबा त्याच्या कंपनीची किरण-सुरक्षा अधिकारी. यंत्राभोवती दोरी बांधायची, दोरीपाशी मापक ठेवायचं आणि लोकांना किती किरणं लागली ते लिहून सही करायची, हे तिचं काम. सकाळी बांधलेली दोरी दुपारी गायब होती आणि मापक मालकाच्या खणात, कुलुपात.

"पाहुण्याला दोरी लावतात का, पोरी? आमच्या घराण्यात असलं कधी झालं नाही," अबू मुहन्नद म्हणाला. "आणि ते मापक सारखं टिकटिकतं. पाहुण्याला वाटतं, आपल्याला जा म्हणतायत."

"मग कागदावर काय लिहू?"

"शून्य. कागदावर शब्द आहे 'जनता'. माझी कॉफी प्यायला तो पाहुणा. जनता तिकडे, रस्त्यावर!"

रुबाच्या अंगाचा तिळपापड झाला. एक गरोदर नर्स यंत्राला अगदी खेटून उभी होती. तिच्या नावाने शून्य लिहून सही ठोकायची? एवढ्यात आरोग्य खात्याचे नायब सचिव येऊन बसले आणि अबू मुहन्नदने नवी परात मागवली.

रुबा सरळ जाऊन पाहुण्यांच्या सोफ्यावर बसली. कॉफीवाल्याने दिलेला कप तिने घेतला आणि न पिता समोर ठेवला.

दालनातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. तिथल्या रिवाजात न प्यायलेली कॉफी म्हणजे यजमानाकडे मागणं. ते मान्य झाल्याशिवाय पाहुणा घोट घेत नाही, आणि चारचौघांत नाही म्हणणाऱ्या यजमानाचं नाक कापलं जातं.

अबू मुहन्नदचा चेहरा पडला. "पी, पोरी. मागशील ते दिलं."

"यंत्र बंद करा. दोरी बांधा. मापक बाहेर काढा."

"दिलं," तो दातओठ खात म्हणाला.

यंत्र थांबलं. रुबाने कडू कॉफी एका घोटात संपवली. नोकरी गेली हे तिला कळत होतं, पण कॉफी झकास लागली.

नायब सचिव कौतुकाने हसले. "वा! पण मुली, आम्हाला आत्तापर्यंत किती लागली असतील गं?"

"देव जाणे, साहेब. मापक कुलुपात होतं."

ओठांपर्यंत नेलेला कप सचिवांनी खाली आणला आणि टेबलावर ठेवला. मग त्या नर्सने ठेवला. बघता बघता सगळ्यांनी आपापली कॉफी खाली ठेवली आणि सगळे अबू मुहन्नदकडे बघत बसले.