चित्रा बोलायला लागली

आमच्या हरीला देवाने अक्कल दिली, पण ती सगळी तो फोर्टातल्या ऑफिसात ठेवून येतो. घरी येतो तो रिकामा. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे म्हणून बोलते. डोंबिवलीला बिऱ्हाड, दोन मुली. थोरली वासंती कल्याणला त्र्यंबकला दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी गेली.

तिचं तेरावं झाल्यावर मी भावाकडे राहायला आले. नवऱ्यामागे मला दुसरं कोण होतं? येऊन बघते तर धाकटी चित्रा, सोळा वर्षांची पोर, मुकी झालेली. ना रडणं, ना हट्ट. ताटातला भात बोटाने इकडचा तिकडे करायची आणि उठायची. शाळा सुटली. वहिनीने दृष्ट काढली, वैद्यांचा काढा पाजला, कोपरच्या कुठल्याशा भगताचा दोराही दंडाला बांधला. हरी म्हणायचा, "अक्का, थेरं आहेत सगळी. लक्ष देऊ नकोस."

त्यातच त्र्यंबकची आई येऊन थडकली. बायको गेली की तिचीच धाकटी बहीण द्यायची, ही आमच्यातली जुनी चाल. "बाळाला मावशीसारखी आई कुठून मिळणार?" म्हणाल्या. त्र्यंबक चौतिशीचा. हरी मान डोलवायच्या बेतात होता. बाईंनी चित्राला हाक मारली, पुन्हा मारली. पोरगी भिंतीकडेच बघत राहिली. "मुकी सून नेऊन मी काय करू?" म्हणत त्या चहा न घेताच उठल्या. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. विषय मिटला, असं घरात सगळ्यांनीच धरलं.

पण पोर वाळत चालली होती. तिच्या शाळेत सुमतीबाई म्हणून शिक्षिका होत्या. मुलांच्या मनाविषयी काहीतरी मुंबईला शिकून आलेल्या. लोक त्यांना हसायचे, मन काय शिकायची वस्तू आहे? मी चित्राला धरून त्यांच्या घरी न्यायला लागले. बाई तिला काही म्हणजे काही विचारायच्या नाहीत. पावट्याच्या शेंगा पुढ्यात ओतायच्या आणि दोघी सोलत बसायच्या. मी बाहेर ओट्यावर चरफडत. घरी काय शेंगा कमी होत्या?

पावटा संपून बाजारात कैऱ्या आल्या, तेव्हा एक दिवस आतून चित्राचा आवाज आला.

"ताई पाणी मागत होती. आई म्हणाली, बाळंतिणीला पाणी द्यायचं नसतं. तांब्या माझ्याच हातात होता, बाई. मी दिलं नाही आणि ती गेली. मी मारलं तिला."

"मोठ्यांनी अडवलं म्हणून तू दिलं नाहीस," बाई म्हणाल्या. "तू मारलं नाहीस तिला."

इतक्या महिन्यांत हे तिला आमच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं. बाई ते पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, तिला पटेपर्यंत. हळूहळू ती जेवायला लागली. शेजारणीशी बोलली. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, मला लग्नाची फार भीती वाटते गं. मला मॅट्रिक व्हायचंय." होशील हो, म्हटलं.

पुढच्याच रविवारी हरी पेढे घेऊन आला. त्याने कल्याणला निरोप धाडला होता, मुलगी बोलते म्हणून. त्र्यंबकच्या आई लगेच तयार झाल्या. वैशाखातला मुहूर्तही ठरला.

मी बोलून दमले, तेव्हा सुमतीबाईंना घरी घेऊन आले. बाई म्हणाल्या, "हरिहरराव, तिला हे लग्न नको आहे. तिने स्वतः मला सांगितलंय. आत्ता कुठे ती सावरतेय."

हरीने त्यांना हात जोडले. अगदी मनापासून जोडले, त्याचाच संताप येतो. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही तिला बरी केलीत म्हणून तर हे जमलं." वहिनीने बाईंची खणानारळाने ओटी भरली. बाई ओटी पदरात धरून तशाच उभ्या होत्या, चेहरा उतरलेला.

चित्रा दारात उभी राहून ऐकत होती. बाई निघाल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, "बाई, मी बोलायलाच नको होतं."

त्या दिवसापासून तिने पुन्हा तोंड मिटलं. भातही पुन्हा ताटातच राहायला लागला. मी हरीच्या पाया पडायची तेवढी राहिले. तो म्हणाला, "आता नाटकं चालायची नाहीत. तिला बोलता येतं, अख्ख्या आळीने ऐकलंय." सुमतीबाईंकडे न्यायलाही बंदी घातली. बऱ्या झालेल्या मुलीला कशाला न्यायचं, म्हणाला.

लग्न लागलं. तिने तोंडातून अक्षर काढलं नाही, मान खाली घालून सगळे विधी केले. नाव घ्यायचा आग्रह झाला, तेव्हाही गप्पच. पंगतीत बायका वहिनीला सांगत होत्या, पोर किती समजूतदार आहे हो तुमची.