फाटकाकडे तोंड केलेले घड्याळ

मित्रांनो, मी या जुन्या बागेतले सूर्यघड्याळ आहे आणि हल्ली चुकीची वेळ दाखवतो. हसू नका, आधी माझी बाजू ऐकून घ्या.

पाथरवटाने माझा काळ्या दगडाचा चौथरा घडवला. वर पितळेची तबकडी आणि तिच्यावर तिरकी पट्टी. ही पट्टी बरोबर उत्तरेकडे रोखलेली असली, की तिची सावली आकड्यांवर पडून वेळ कळते. मला बसवणारी माणसे भारी काटेकोर. ध्रुवतारा पाहून त्यांनी माझी दिशा ठरवली आणि मग सगळी बाग माझ्याभोवती आखली. माझे ऊन अडू नये म्हणून मोठी झाडे लांब लावली, कारंजेसुद्धा बाजूला घेतले. खरे सांगायचे तर मी तेव्हा थोडा शेफारलोच होतो!

समोरच्या रस्त्यावरचा शिंपी रोज दुपारी लेकीचा हात धरून यायचा. मनगटावरचे घड्याळ माझ्याशी जुळवून तिला म्हणायचा, "बघ, याला किल्ली द्यावी लागत नाही." माझी छाती फुगायची.

पुढे शिंपी यायचा थांबला. लोकांच्या हाती मोबाईल आले, माझे पितळ काळवंडले आणि मला कोणी ढुंकून पाहीना. मग बागेचे सुशोभीकरण निघाले. मी हरखलो. कामगारांनी मला घासले, उचलले आणि फाटकाकडे तोंड करून सिमेंटमध्ये पक्के बसवले. फोटो छान येतो म्हणे! तेव्हापासून भर दुपारी मी सकाळचे नऊ दाखवतो. मुले खिदळतात, "बंडल घड्याळ!" ते फार लागते. दिवसभर लोक मला टेकून फोटो काढतात, पण सावली अशी का चुकते, ते कोणी बघत नाही. एवढ्या गर्दीत मी अगदी एकटा आहे.

परवा एक बाई आली. गळ्यात मापाची टेप. तिने मनगटावरचे घड्याळ बापासारखेच माझ्यापुढे धरले आणि मी ओळखले, शिंप्याची लेक! ती गोंधळली. मुकादम झाडांना पाणी घालून घेत होता, त्याला तिने हाक मारली.

"अहो, याला कोणी फिरवलं?"

"शोभेसाठी फिरवलंय, ताई. पण वेळ चुकते म्हणून तक्रारी येतात. पुढच्या महिन्यात काढून टाकणार. इथे बदामाच्या आकाराची कमान येतेय."

"म्हणजे तुम्हीच फिरवायचं आणि तुम्हीच काढायचं? आधी सरळ करून तरी बघा!"

"माझ्या हातात काय आहे? वरच्या साहेबांशी बोला."

"बोलते की! बाबा असते तर भांडले असते."

बारा वाजेपर्यंत ती उन्हात थांबली. मग पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढून सावलीवर रेघ ओढली. "येते मी," माझ्या पट्टीवर हात ठेवून म्हणाली.

आता दिवसातून एकदा सावली त्या रेघेवर येते आणि तेवढ्यापुरता मी खरा ठरतो. पण ऋतू पालटला की सावलीची वाट बदलेल, खडूही पुसला जाईल.

मित्रांनो, जुन्या बागेत कुठलीच वस्तू उगाच ठेवलेली नसते. मला रंगवू नका, सजवू नका. फक्त उत्तरेकडे वळवा.

ती अजून आलेली नाही. फाटकाकडे तोंड असल्याचा एवढाच फायदा, ती आली की आधी मला दिसेल.