तक सरांचं जेवण

या, असे जवळ सरकून बसा. देव कोणत्या देवळात हमखास भेटतो ते मला सांगता यायचं नाही. पण एकदा तो शाळेतल्या पंगतीला येऊन बसला होता, त्या दुपारची गोष्ट सांगायची आहे. मन तेवढं इकडे असू द्या.

नेरिसने अर्धा भात आणि जवळजवळ अख्खा मासा खरकट्याच्या बादलीत ओतला. भांड्यांमागून स्वयंपाकाच्या मावशींचा आवाज आलाच.

"आजही टाकलंस? अगं, चिमणी जास्त खाते!"

शब्द सगळे कळले नाहीत, रोख मात्र कळला. नेरिस कसनुसं हसली आणि ताट ठेवून निघाली.

दूर पूर्वेकडच्या देशातल्या गोहंगच्या किनाऱ्यावरच्या या शाळेत ती इंग्रजी शिकवायला वेल्सहून आली होती. मुलं गुणी होती. अडचण होती ती शिक्षकांच्या टेबलावर. उपमुख्याध्यापक तक सर सगळ्यांत वडील. त्यांनी चमचा उचलला की जेवण सुरू, त्यांनी खाली ठेवला की सगळे उभे. आणि तक सर गाडी चुकणार असल्यासारखे जेवत. नेरिस जेवायच्या लोखंडी काड्यांनी माशाचे काटे काढीपर्यंत खुर्च्या सरकू लागत. वडील उठल्यावर चरत बसणं बरं दिसत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. मग संध्याकाळी खोलीवर पाव, आणि बॅग अजून बांधलेलीच.

गुरुवारी तिने शिक्षकांच्या खोलीत शेजारी बसणाऱ्या प्योबाईंना सांगून टाकलं.

"महिनाअखेर मी घरी जाते, बाई."

"पोरांनी काही केलं का?"

"छे! पोरं सोन्यासारखी आहेत."

"मग गं?"

नेरिस पेनाचं टोपण काढघाल करत राहिली. एवढ्या मोठ्या बाईने भूक लागते म्हणून कसं सांगावं?

"इथे सगळे उठतात ना," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा माझं सुरूच झालेलं नसतं."

प्योबाई हसल्या, आणि मध्येच थांबल्या.

"सरांना सांगू?"

"नको, तुम्हाला शपथ आहे! पाहुणी तक्रार करते म्हणतील."

शुक्रवारी कालवांचा रस्सा होता आणि भाजलेला मासा. तक सरांनी चमचा उचलला. नेरिस खाली मान घालून काट्यांशी झगडू लागली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, खुर्च्या वाजल्या नाहीत.

खेळाचे मा सर कधीचेच जेवून पाय हलवत बसले होते. बाहेर मुलं चेंडू घेऊन ताटकळली होती.

"सर, आज घरी नाश्ता मिळाला नाही वाटतं!"

"दात म्हातारे झाले रे," तक सर म्हणाले. "तुझे होतील तेव्हा विचारीन. बस गप."

पाण्याच्या पेल्यात काहीतरी पडलं असावं, तशा प्योबाई त्यात निरखून बघत होत्या. तक सरांनी नेरिसकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांचा चमचा ताटाकडे जात होता, वर येत होता, तोंडात जात होता. जराही घाई नाही.

पाण्याचा जग घ्यायला नेरिस पुढे वाकली, तेव्हा तिला त्यांचं ताट दिसलं. लख्ख होतं. भाताचं शीत नाही, रश्श्याचा थेंब नाही. तक सरांनी चमचा उचलला, त्यावर हळूच फुंकर घातली आणि तो कोरडा चमचा तोंडात घातला.

"फार गरम आहे आज," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

नेरिसने आपलं ताट जवळ ओढलं. मान खाली घालून ती जेवत राहिली: मासा, रस्सा, मुळ्याच्या आंबट फोडी, भाताचा शेवटचा घास. तिने काड्या खाली ठेवल्या. पलीकडे चमचा टेकल्याचा आवाज झाला आणि सगळे उठले. मा सर तर पळालेच.

बादलीपाशी तिच्याकडे ओतायला काही नव्हतं. मावशींनी ताट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"महिनाअखेरीचं ऑफिसात कधी कळवायचं?" प्योबाईंनी हळूच विचारलं.

नेरिसने रुमालाने तोंड पुसलं.

"बाई, आजच्या या माशाला काय म्हणतात? बाजारात मागायचा झाला तर?"

एवढीच गोष्ट. मायबापहो, पंगतीत तुमच्या शेजारचं कुणी मागे राहिलेलं दिसलं, तर उठण्याआधी तक सरांना एकदा आठवा.