पाणी आले का?

बारा गावांतल्या लोकांनी ठेवलेल्या पावसाच्या नोंदींपैकी अकरा गावांच्या जुळल्या आणि एकट्या बार्शीटाकळीने अमरीनची झोप उडवली. अमरावतीच्या कॉलेजात तिने संगणकावर वऱ्हाडच्या पावसाचं मॉडेल उभं केलं होतं. हवामान बदलतंय, पावसातली उघडीप दर वर्षी लांबत जाणार, असं ते सांगत होतं. आणि बार्शीटाकळीच्या नोंदी म्हणत होत्या, पाऊस बरोबर दर आठव्या दिवशी! तोही २०१५च्या दुष्काळात!

शेतकऱ्यांच्या मागच्या सभेत नांदगाव खंडेश्वरचे झेंडू पिकवणारे किसनराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, "एका गावाचं जुळत नाई, मंग तुमच्या कम्प्युटरच्या भरवशावर आमी लावणी कावून बदलाची?" लोक हसले होते. उद्याच्या सभेत त्याचाच निकाल लागायचा होता. बार्शीटाकळी गुपचूप गाळून टाकावी, असं अमरीनच्या मनात दहादा आलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तिने अकोल्याची एसटी पकडली.

बार्शीटाकळीत नोंदी ठेवणाऱ्या माणिकबाई ओसरीवर भाजी निवडत होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात दर आठव्या दिवशी ठसठशीत 'पा'.

"मावशी, एवढा पाऊस खरंच आला होता?"

"पाऊस? हे तं नळाचं हाय, माय! 'आज पाणी आले का' असं तुमीच कागदावर लिवलं न? म्या एक दिवस चुकवला नाई."

अमरीनने कपाळावर हात मारला. मूळ कागदावर 'पर्जन्य' होतं. फार पुस्तकी वाटतं म्हणून तिनेच ते खोडलं होतं. तिच्या अंजनगावात पावसाला सगळे पाणीच म्हणतात, आणि आपल्याला लोकांची भाषा येते याचा तिला केवढा तोरा! हसावं की रडावं कळेना, पण जीव भांड्यात पडला. मॉडेल खोटं नव्हतं, चूक तिची होती.

दुसऱ्या दिवशी सभेत तिने सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. लोक पोट धरून हसले. तीही हसली. किसनराव तेवढे हसले नाहीत.

"बाई, बाकीच्या अकरा गावाईतबी हाच कागद गेलता न?"

"हो."

"तिथं कोनी नळ लिवला, कोनी पाऊस, पाह्यलं का जाऊन?"

"नाही."

"कावून?"



"जुळत होतं म्हणून," ती म्हणाली, आणि या वेळी कुणीच हसलं नाही.