फ्रॉडपेक्षा बारका शब्द

"चीट नको. पुढचा सांग," थंडोबा म्हणाला.

"नको म्हणजे काय, बाबा? भाजी निवडताय का?" लेकीने मोबाइल टेबलावर आपटला. घरातच ती शाळेच्या पोरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. बापासाठी आज पोरांना लवकर घरी पिटाळलं होतं आणि आता पस्तावत होती.

"अगं पण मी चीट केलंच नाही! तूच म्हणालीस ना, नियम मोडून दुसऱ्याचं लाटायचं ते चीट. पत्त्यांत, परीक्षेत. मी काय लाटलं? कचेरीतला एक स्क्रू तरी घरी आणला का आजवर?"

"नाही आणला," ओट्यापाशी उभी बायको म्हणाली. "म्हणून तर घरचा पंखा वर्षभर खडखड वाजतोय."

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत तो एसीचा मेकॅनिक. सगळ्या इमारतीचा गारवा त्याच्या हातात, म्हणून लोकांनी नाव ठेवलं थंडोबा. स्वभाव मात्र असा, की डोक्यावर चहाचं आधण ठेवलं तर उकळी फुटावी.

झालं होतं ते असं. त्या कचेरीला एसीचं मशीन एकच, गच्चीवर. तिथून एक जाडजूड नळ सगळ्या मजल्यांवर फिरलेला. दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती, तिथं कायमची जुंपलेली. तिथला हेडक्लार्क म्हणजे बसल्या जागी वितळणारा माणूस. लोक त्याला लोणी म्हणायचे, मागून, आणि कधीकधी पुढूनसुद्धा. लोण्याला सारखं उकडायचं. आणि टायपिस्टबाई बसायच्या नेमक्या वाऱ्याच्या जाळीखाली. त्यांच्या डोक्यावर दिवसभर गार वारा बदाबदा पडायचा. हा म्हणायचा वाढवा, ती म्हणायची कमी करा. फोनवर फोन. थंडोबा गच्चीवरून खाली, खालून गच्चीवर. एकाला खूश करावं तर दुसरी रडकुंडीला आलेली.

शेवटी तो पिसाळला आणि त्याने ते केलं, जे त्याच्या वस्तादाने त्याला शिकवलं होतं आणि वस्तादाला त्याच्या वस्तादाने. जिथं भांडण मिटत नाही तिथं भिंतीवर डमी मारायची. भंगारातला एक थर्मोस्टॅट काढला, म्हणजे ते आकडे लिहिलेलं फिरतं बटण असतं ना, ते. पुसून चकचकीत केलं आणि बाईंच्या टेबलाशेजारी भिंतीवर दोन स्क्रूंनी ठोकलं. मागे तार नाही, काही नाही. फिरवलं की मस्त टिक्‌ वाजायचं, बास.

आणि सांगतो, भांडण मिटलं. सकाळी बाई येऊन टिक्‌ करून कमी करायच्या. दुपारी जेवून लोणी यायचा, टिक्‌ करून वाढवायचा, "हां, आता बरं वाटतंय" म्हणून ढेकर द्यायचा. थंडोबाला वाटलं, आपण पुण्याचं काम केलं. येताजाता खोलीत डोकावून विचारायचा, "काय बाई, आता बरंय ना?" बाई हसून म्हणायच्या, "बरंय हो, भाऊ." असं सहा-सात वर्षं चाललं.

मग एसीचं कंत्राट एका बाहेरच्या कंपनीला गेलं. त्यांची माणसं खोली रंगवायच्या आधी भिंती मोकळ्या करायला आली. एकाने स्क्रू काढला, डबी हातात आली आणि मागे भिंत सपाट. तारेला भोकसुद्धा नाही. सगळी खोली बघत होती. लोणी आधी खो खो हसला. मग एकटाच हसतोय हे कळल्यावर गप्प झाला. टायपिस्टबाई उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

तक्रार बाईंनी केली नाही. केली त्या कंपनीच्या सुपरवायझरने, आणि ती इंग्रजीत. त्यात शब्द घातला फ्रॉड. या कचेरीत वरच्या साहेबांपुढे सगळं इंग्रजीतच जायचं. फ्रॉड वर गेला की थंडोबा थेट घरी, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना. चौकशी उद्या होती. चौकशीच्या मॅडम माणूस बऱ्या. त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "काका, मला ताकीद देऊन हे मिटवायचंय. पण फ्रॉडच्या जागी काहीतरी लिहावं लागेल. घरी लेक आहे ना इंग्रजीची? जरा बारका शब्द शोधून आणा."

म्हणून ही शोधाशोध.

"ब्लफ?" लेक म्हणाली. "म्हणजे हातात पान नसताना आहे असं दाखवायचं."

थंडोबाचा चेहरा उजळला. "हेच की! डबीत तार नव्हती, आहे असं दाखवलं."

"पण बाबा, ब्लफ समोरच्याला हरवायला करतात. शत्रूला."

"छे. बाई काय शत्रू आहेत माझ्या? पुढचा."

"होक्स. म्हणजे पुष्कळ लोकांना एकदम उल्लू बनवायचं. अफवा उठवतात तसं."

"मी उठवली का अफवा? भिंतीवर डबी ठोकली मी! कसली भाषा आहे ही? पान्यांचा एवढा मोठा सेट आणि एक धड बसत नाही. एक ढिला, एक घट्ट." तो उठून दोन पावलं फिरला आणि परत बसला. "आपलं कसं सरळ असतं. थाप मारली तर माणूस हसतो. गंडा घातला तर पोलिसांत जातो. दगा दिला तर बोलायचं सोडतो. किती लागलं ते शब्दातच कळतं."

"मग तुमचं यातलं कुठलं?" बायकोने विचारलं.

"थाप! दुसरं काय?"

"बाईंना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तू चहा कर."

"केव्हाचा समोर ठेवलाय. गार झाला. तुमचीच कृपा."

लेकीला हसू फुटलं, पण बापाकडे बघून तिने ते गिळलं. "डिसीव्ह," ती म्हणाली. "यात पैसे नसतात. कायदा पण नसतो. समोरच्याचा आपल्यावर भरवसा असतो, म्हणून त्याला खोटं खरं वाटतं. तो शब्द."

"हा तर सगळ्यांत वाईट!" थंडोबा ओरडला. "बापाला वाचवायला बसलीयस का पुरायला?"

"मग ट्रिक घ्या! ट्रिक म्हणजे युक्ती पण होते आणि फसवाफसवी पण. जादूगार करतो ती पण ट्रिकच. बारका आहे. झालं समाधान?"

थंडोबाने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. ट्रिक. हलका होता, बसत होता. लेकीने वाक्य करून दिलं आणि त्याने ते घोकलं. भांडी घासताना बायकोला ऐकवलं, दात घासताना आरशाला ऐकवलं.

सकाळी चौकशीच्या खोलीत पाचजण होते. मॅडम, तो सुपरवायझर, लोणी, टायपिस्टबाई आणि हा. खोलीत गार होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

"मॅडम, इट वॉज ओन्ली अ ट्रिक," थंडोबाने एका दमात म्हणून टाकलं.

"ट्रिक कसली? फ्रॉड इज फ्रॉड," सुपरवायझर म्हणाला. "आम्ही काम हातात घेतलं तर भिंतीवर खोटी यंत्रं. उद्या आमच्यावर शेकलं असतं."

"अहो जाऊ द्या हो," लोणी रुमालाने मान पुसत म्हणाला. "ट्रिकच होती. झकास मामा बनवलं आम्हाला! माझी बायको तर ऐकल्यापासून हसतेय. म्हणते, घरी पण बसवा एक, तुमचा आरडाओरडा तरी थांबेल."

मॅडमही हसल्या. त्यांनी लिहायला घेतलं. सुपरवायझरने घड्याळ बघितलं, म्हणजे त्याचाही हट्ट सुटत आला होता. थंडोबाच्या छातीवरचा दगड जरा हलला.

"बाई, तुमची हरकत नाही ना?" मॅडमनी लिहितालिहिता विचारलं. रीत म्हणून.

"हरकत कसली. लिहा," टायपिस्टबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "फक्त एक विचारू का यांना?"

"विचारा की, बाई," थंडोबा म्हणाला.

"भाऊ, मी तेव्हा खांदा दुखतो म्हणून तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीत जागा मागितली होती. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, बुवा."

"मिळाली होती. तिथं एसी नाही, सकाळचं ऊन येतं. जायचंच ठरवलं होतं. तेवढ्यात तुम्ही ते बटण बसवलंत. म्हटलं, आता गारवा आपल्या हातात आहे, सगळ्या मैत्रिणी या मजल्यावर, कशाला जायचं? नको म्हणून कळवून टाकलं."

बाईंनी डाव्या हाताने उजवा खांदा चोळला.

"खांदा तरी दुखतच राहिला. दुखला की मी ते बटण आणखी थोडं फिरवायची. आणि मनाला म्हणायची, आता तर दुखायचं कारण नाही. मग हे आपलंच काहीतरी. घरीही सगळे म्हणायला लागले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. डॉक्टरनं विचारलं, बाई, गार वाऱ्यात बसता का? मी सांगितलं, नाही हो, माझ्याकडे कंट्रोल आहे." बाई ओशाळल्यासारखं हसल्या. "आता हात वर जात नाही. केस मुलगी बांधून देते. ते जाऊ द्या, वय पण झालं. पण तुम्ही दारातून विचारायचात ना, आता बरंय ना बाई म्हणून? तेव्हा मी बरंय म्हणायची. तुम्हाला मनातून हसू यायचं का हो?"

"नाही, बाई!" थंडोबा ताडकन उठला. "आईशप्पथ, कधी हसलो नाही. मला वाटायचं... मला खरंच वाटायचं की..."

काय वाटायचं? मागे तार नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? आणि तरी तो विचारत होता, आणि बाई बरंय म्हणाल्या की खूश होऊन निघून जात होता. सहा-सात वर्षं. त्याला स्वतःचाच असा संताप आला, की कुणाच्या तरी अंगावर ओरडावं. पण ओरडायला समोर कुणी नव्हतं.

"मॅडम, तो शब्द खोडा," तो म्हणाला.

"कुठला?"

"ट्रिक. खोडा तो. डिसीव्ह लिहा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, मी तुम्हाला वाचवतेय आणि तुम्ही काय बोलताय? हा शब्द वर गेला की मला काही करता येणार नाही."

"माहितीय."

"मग एवढं आहे तर फ्रॉडच लिहा ना," सुपरवायझर म्हणाला.

थंडोबा गर्रकन वळला. "तू गप रे! फ्रॉड नाही. पैशाला हात लावलेला नाही मी. जे केलंय ते लिहा, जे नाही केलं त्यातलं एक अक्षर जास्तीचं नको. मॅडम, लिहा तुम्ही."

मॅडमनी पेन उचललं. मग त्यांनी एक रेघ मारली आणि वर दुसरा शब्द लिहिला. टायपिस्टबाईंनी मान वर केली नाही. बरं केलंत म्हणाल्या नाहीत, राहू द्या असंही म्हणाल्या नाहीत. थंडोबाला वाटलं होतं काहीतरी म्हणतील. मग वाटलं, का म्हणाव्यात?

बाहेर आल्यावर बाकीचे चहाला गेले. हा गेला नाही. सरळ दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत गेला आणि मधोमध उभा राहिला. भिंतीला ताजा रंग होता. जाळीतून गार वारा तसाच पडत होता, बाईंच्या खुर्चीवर. आणि खिडकीजवळ लोण्याचं टेबल, उन्हात तापलेलं.

थंडोबाने कपाळावर हात मारला. एकाला गार हवं होतं, एकीला ऊब. जागांची अदलाबदल केली असती तर भांडण तिथंच संपलं असतं. हे काय त्याला तेव्हा दिसलं नव्हतं? दिसलं होतं. पण खिडकीजवळची जागा हेडक्लार्कची, मानाची. ती मागायची कुणी? लोण्याशी कोण वाद घालणार? त्यापेक्षा दोन स्क्रू सोपे.

लोणी चहा पिऊन आला तेव्हा थंडोबा त्याच्या टेबलावरच्या वस्तू उचलत होता.

"अहो, अहो! काय चाललंय? ही हेडक्लार्कची जागा आहे!"

"उठवून नेतोय. तुम्हाला जाळीखाली बसवतो. गार गार."

"असं कसं? वरून हुकूम नको? आणि तुम्ही आता स्वतःच..."

"स्वतःच काय? चाललोय ना? मग आता मला कुणाची भीती? धरता का टेबल दुसऱ्या बाजूनं, की एकटा ओढू?"

लोण्याने खिडकीकडे पाहिलं, खोलीतल्या लोकांकडे पाहिलं. दारात टायपिस्टबाई येऊन उभ्या होत्या. तो काहीतरी पुटपुटला आणि त्याने टेबलाची दुसरी बाजू धरली. फरशीवर पाय घासत टेबल गेलं. बाईंचं टेबल त्या जागी आलं. तारा ओढाव्या लागल्या, खुर्चीचं एक चाक निघालं, थंडोबाने ते गुडघ्यावर बसून शिव्या देत बसवलं. तो वाकलेला असतानाच शिपाई दारात आला. "थंडोबा, तुम्हाला वर बोलावलंय. मोठ्या साहेबांनी. लगेच."

"येतो म्हणावं."

त्याने खुर्ची एकदा हलवून पाहिली आणि बाजूला झाला. बाईंना काही विचारलं नाही. दारापर्यंत गेला, हात पँटला पुसले, आणि जाताजाता एकदाच मागे पाहिलं.

टायपिस्टबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात कोपराखाली धरून उचलला आणि टेबलावर, उन्हात, नीट ठेवला.